थिबा राजाचा गुन्हा काय होता?

भाट्याकडचा (धागाकर्ता)

रत्नागिरीत राहणाऱ्याकडे मे महिन्यात पाहुणे येतात आणि पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवावाच लागतो. तिथे एक प्रश्न हमखास येतो. "या राजाने केलं काय होतं?" मग शेजारी उभा असलेला कुणीतरी माहितगार सांगतो की तो क्रूर होता, भाऊबंदांना मारून गादीवर बसला, दारूत बुडालेला असायचा, म्हणून इंग्रजांनी उचलून इथे आणून ठेवला. पाहुणे मान डोलावतात आणि फोटो काढायला लागतात.

या उत्तरात फक्त सनावळ्या घातल्या की ते उभं राहत नाही. त्यासाठीच हा धागा.

थिबा मंडालेला ब्रह्मदेशाच्या गादीवर आला १८७८ साली. राजघराण्यातल्या माणसांची कत्तल झाली १८७९ मध्ये. ती झाली होती, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. खालचा ब्रह्मदेश तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात होता, रंगूनला बसून त्यांना मंडालेची बित्तंबातमी मिळत होती, आणि इंग्रजी पेपरांत या कत्तलीची रसभरीत वर्णनं छापून आली होती. तरी लढाई झाली नाही. १८८० गेलं, ८१ गेलं, ८४ सुद्धा गेलं.

१८८५ मध्ये काय झालं? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी थिबाच्या जंगलातून सागवान काढत होती. कंपनी मुंबईची. ओंडके काढले जास्त आणि पैसे भरले कमी, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला २३ लाख रुपयांचा दंड केला. त्याच सुमाराला फ्रेंचांचा वकील मंडालेत येऊन बसला होता आणि तहाच्या गोष्टी चालू होत्या. ऑक्टोबरात इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात फौज इरावतीतून वर सरकली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं. राजा आधी मद्रासला आणि तिथून रत्नागिरीला. पॅलेस बांधून झाला १९१० साली, तोवर चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत, दागिने विकत विकत. १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. कबरही इथेच आहे, तिकडे मात्र पाहुणे जात नाहीत.

म्हणजे सहा वर्षं ज्या क्रौर्याने कुणाची झोप उडाली नाही, ते दंडाची नोटीस निघाल्यावर एकदम असह्य झालं. माझं म्हणणं एवढंच, की साम्राज्याचा हिशेब आधी होतो आणि कारण मागाहून लिहिलं जातं. आणि ते इतकं चांगलं लिहिलं जातं की सव्वाशे वर्षांनी आपलाच माणूस आपल्याच गावात ते पाहुण्यांना सांगतो.

तुमच्या भागातली अशी उदाहरणं असतील तर लिहा. कथा-कादंबऱ्यांतली पण चालतील.

सुपारीबाग

वाचतेय. पॅलेस तीनदा पाहिला, हे एकदाही कानावर आलं नाही.

दर्यावर्दी

अलिबागकरांची तक्रार नोंदवून घ्या. आमच्या कान्होजींना अजूनही कितीतरी इंग्रजी पुस्तकांत "पायरेट" म्हणतात.

आता समुद्रावरचा कारभार कसा चालायचा ते बघा. पोर्तुगीज इथे आले आणि त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. गुजरातच्या व्यापाऱ्याने गुजरातचं गलबत अरबस्तानाकडे न्यायचं, तर पोर्तुगीजांकडून कागद घ्यायचा, त्यांच्या नाक्यावर जकात भरायची. कागद नसेल तर गलबत जप्त. लिस्बनचा राजा मानुएल स्वतःला इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या दर्यावरचा, व्यापाराचा आणि जिंकण्याचा धनी म्हणवून घेत होता. हे सगळं कायदेशीर, कारण राजाने लिहिलंय आणि पोपने आधीच शिक्का मारलाय.

दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी तेच केलं. फरक एवढाच की किनारा त्यांचा होता, किल्ले त्यांचे होते, सरखेल (आरमारप्रमुख) ही पदवी छत्रपतींनी दिलेली होती. आमच्या पाण्यातून जाता, आमचं दस्तक घ्या. मुंबईकर इंग्रज म्हणाले, आम्ही घेणार नाही. गलबतं पकडली गेली आणि आंग्रे चाचे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी गेल्यावर आठ वर्षांत, १७३७ ला, लंडनमध्ये "आंग्रिया चाचा" अशी जाहिरात करणारं क्लेमेंट डाउनिंगचं पुस्तक आलं. हरलेल्या लढायांचा हिशेब असाही चुकता करता येतो.

हेतूबद्दल म्हणाल तर तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग बघा. फेब्रुवारी १७५६. इंग्रजांचा वॉटसन समुद्रावरून, क्लाइव्ह जमिनीवरून. हे आरमार मुंबईहून निघायच्या आधीच अधिकाऱ्यांची बैठक बसली होती, कशासाठी? किल्ल्यात सापडणारी लूट कुणाला किती मिळणार ते ठरवायला! क्लाइव्हचा वाटा कुणाच्या बरोबरीचा धरायचा यावरून तिथे वाद झाला. तोफेला बत्ती लागायची होती अजून. बाहेर सांगताना मात्र मोहीम "व्यापाराला निर्भय करण्यासाठी".

आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर जेम्स पुढे विलायतेत बडा माणूस झाला. तो मेल्यावर त्याच्या बायकोने १७८४ साली लंडनला शूटर्स हिलवर तिकोनी मनोरा बांधला. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो मनोरा नीट राखलाय, लोक तिकीट काढून वर जातात. आणि हर्णैच्या समोरचा मूळ किल्ला? होडीवाल्याला विचारा, तट चढायला वाट कुठून आहे ते तोच सांगेल.

सडेतोड

झालं सुरू. विजयदुर्गाच्या वेळी इंग्रजांच्या बाजूला कोण होतं ते पण लिहा की. पेशव्यांनीच बोलावलं होतं ना? तुळाजी आंग्रे शेवटी कुणाच्या कैदेत मेला? आपल्या भांडणात परक्याला आणायचं आणि मग तो साम्राज्यवादी म्हणून गळा काढायचा.

आणि एक सांगा, इंग्रज आले नसते तर रेल्वे कुणी आणली असती?

दर्यावर्दी

पेशव्यांचं खरं आहे. नानासाहेबांनी मराठ्यांचंच आरमार इंग्रजांकरवी जाळून घेतलं, आणि वर त्याबदल्यात बाणकोट देऊन बसले. इंग्रजांनी बाणकोटाचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. पण पेशव्यांचा अविचार हा क्लाइव्हच्या हेतूचा खुलासा होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कुळागर

सडेतोडराव, प्रोफाइलवर गाव राजापूर लिहिलंय तुम्ही. राजापूरच्या माणसाने इंग्रजांच्या रेल्वेचे गोडवे गावेत म्हणजे कमालच झाली. तुमच्या आजोबांनी मुंबईला जाताना कुठली गाडी पकडली होती?

बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत बोरघाट फोडला, थळघाट फोडला, १८६७ ला रूळ नागपूरपर्यंत पोचले. इतके भयंकर घाट, इतकी माणसं तिथे मेली, तरी काम थांबलं नाही. का? घाटावर आणि वऱ्हाडात कापूस होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबई बंदरात सोनं वाहायला लागलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५३ च्या टिपणात हे आडपडदा न ठेवता लिहिलंय, रेल्वे हवी ती कच्चा माल बंदरात आणायला, तयार माल आत न्यायला आणि फौज हलवायला. शिवाय कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के परतावा मिळेलच अशी सरकारची हमी. तोटा आला तर भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून. असा धंदा कुणाला नको असेल!

आता कोकण. मुंबईला लागून असलेला मुलूख. इथे रेल्वे कधी आली? कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. म्हणजे पहिल्या गाडीनंतर एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, आणि तीही स्वतंत्र भारताने कर्जरोखे काढून बांधली. इंग्रजांना इथे रूळ टाकायचं कारणच नव्हतं. कोकणातून न्यायचा माल आपल्या पायांनी चालत धक्क्यावर येत होता. गिरण्यांना कामगार हवे होते, पलटणीला शिपाई हवे होते, आणि ते आगबोटीच्या डेकवर दाटीवाटीने बसून मुंबईला जात होते. बोट खोल पाण्यात उभी राहायची, मचव्यातून तिच्यापर्यंत जायचं, उतरतानाही तेच. माझ्या आजीचं गाठोडं एकदा जयगडला पाण्यात पडलं, त्यातल्या पितळी डब्याची हळहळ ती मरेपर्यंत करत होती.

धागाकर्त्यांनी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. राजाला ठेवायला रत्नागिरीच का निवडली असेल? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, पावसाळ्याचे चार महिने बोट बंद. ज्याला कुणी येऊन भेटू नये असं वाटतं त्याच्यासाठी याहून सोयीची जागा नाही. जिथे रेल्वे द्यायची नाही असा मुलूखसुद्धा साम्राज्याच्या कामी येतो.

सडेतोड

रेल्वे सोडली. छापखाना? कायद्यापुढे समानता? शाळा? बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, कोकणातलेच. १८३२ ला दर्पण काढलं ते कुणाच्या राज्यात? आणि लोकहितवादींनी शतपत्रांत इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना आहे असं म्हटलं, ते काय मूर्ख होते?

मास्तरीण

मूर्ख नव्हते. पण त्या पिढीत सगळे एकाच सुरात बोलत होते असंही नाही. शतपत्रं १८४८ ला सुरू झाली. त्याआधी सात वर्षं, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकर नावाचा मुंबईतला तरुण बॉम्बे गॅझेटमध्ये "एक हिंदू" या टोपणनावाने इंग्रजीत पत्रं लिहीत होता. विषय काय, तर तुमच्या राज्यात इथली संपत्ती बाहेर चालली आहे. दादाभाईंचा संपत्तीच्या निःसारणाचा पहिला निबंध १८६७ चा. म्हणजे इंग्रजी शिकलेल्या अगदी पहिल्या फळीतच एकाला यात देवाचा हात दिसला आणि दुसऱ्याला यात खिशातला हात दिसला. दोघंही इंग्रजी शिकलेले.

मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते, त्यामुळे धाग्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर थोडं लांबण लावते.

साम्राज्याचं समर्थन करणारं साहित्य म्हटलं की किपलिंग आठवतो. जन्म मुंबईचा, १८६५, जेजे स्कूलच्या आवारातला. त्याची "गोऱ्या माणसाचं ओझं" ही कविता आपल्याबद्दल आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ती १८९९ ची, आणि लिहिली अमेरिकनांना उद्देशून, फिलिपीन्स ताब्यात घ्या म्हणून. म्हणजे एका साम्राज्याने दुसऱ्याला दिलेलं शिफारसपत्र. मुलांना मी विचारते, ओझं कुणी कुणावर टाकलंय ते शोधा. कवितेत सगळे कष्ट गोऱ्याचे आहेत. रस्ते खोदणारा, बंदर बांधणारा, मरणारा, सगळा तोच. ज्याच्यासाठी हे चाललंय तो फक्त कृतघ्न आणि अर्धा सैतान, अर्धा लहान मूल.

त्याच १८९९ मध्ये कॉनरॅडची "हार्ट ऑफ डार्कनेस" मासिकातून आली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने परोपकाराच्या नावाखाली काँगो स्वतःच्या मालकीचा करून घेतला होता. १८८५ ते १९०८, देश नव्हे, खासगी मालमत्ता. आधी हस्तिदंत, मग रबर. ठरलेलं रबर आणलं नाही तर हात तोडत. कॉनरॅड १८९० ला स्वतः तिथे बोटीवर कामाला होता. कादंबरीतला कुर्ट्झ रानटी चालीरीती बंद करणाऱ्या एका संस्थेसाठी अहवाल लिहितो. सतरा पानं, उदात्त विचारांनी ओथंबलेली. आणि शेवटी, वेगळ्या वेळी खरडलेली, एकच ओळ. या सगळ्या जनावरांना मारून टाका. भाट्याकडचे म्हणतात तो हिशेब आणि ते कारण, दोन्ही एकाच कागदावर सापडण्याची ही विरळी जागा.

पण मग १९७५ ला नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने अमेरिकेत व्याख्यान दिलं आणि कॉनरॅडलाच धारेवर धरलं. त्याचं म्हणणं, एका युरोपियनाचं मन कसं ढासळलं हे दाखवायला अख्खी आफ्रिका नेपथ्यासारखी वापरली, तिथल्या माणसांच्या तोंडी धड चार वाक्यं नाहीत. दर वर्षी वर्गात यावरून दोन तट पडतात. मी अचेबेच्या बाजूची आहे, पण कॉनरॅड शिकवणं सोडत नाही.

थिबाशी थेट नातं असलेली कादंबरी ऑर्वेलची, "बर्मीज डेज", १९३४. ऑर्वेल पाच वर्षं ब्रह्मदेशात पोलिसांत होता. कादंबरीचा नायक फ्लोरी काय करतो? सागवानाचा व्यापार! ज्या लाकडासाठी राजा रत्नागिरीला आला, त्याच लाकडावर चाळीसेक वर्षांनी हा पगार घेतोय. आणि तोच आपल्या हिंदुस्थानी डॉक्टर मित्राला, त्याच्या व्हरांड्यात बसून, सांगतो की आम्ही इथे चोरी करायला आलोय, सुधारणा करायला आलोय हे खोटं आहे आणि ते खोटं आम्हाला आतून पोखरतंय. गंमत अशी की डॉक्टर त्याचं म्हणणं खोडून काढतो, ब्रिटिश राज्याची बाजू घेऊन, कळकळीने. सडेतोडराव, तुमची आठवण आली, राग मानू नका.

सडेतोड

राग नाही. डॉक्टरचं काय म्हणणं होतं तेही लिहा मग.

मास्तरीण

साधारण तुमचंच. रस्ते, दवाखाने, कायदा, सुव्यवस्था. ऑर्वेलने त्याला विदूषक केलेला नाही, कादंबरीतला सर्वांत सज्जन माणूस तोच आहे. आणि शेवटी त्याची बदली होते, हुद्दा उतरवून, कारण संकटात पाठीशी उभा राहील असा एकही गोरा उरलेला नसतो.

सातखणी

रेवदंड्याहून हजेरी. पोर्तुगीजांबद्दल इंग्रजांच्या मानाने कमी बोललं जातं, म्हणून थोडं.

वास्को द गामाच्या माणसाला १४९८ मध्ये कालिकतला कुणीतरी विचारलं, इकडे कशाला आलात? उत्तर होतं, ख्रिस्ती आणि मसाले शोधायला. हेतू आणि समर्थन दोन्ही एका दमात, आणि इंग्रजांपेक्षा सरळ. चारच वर्षांनी तोच गामा परत आला आणि मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज त्याने बायकामुलांसकट जाळलं.

त्याच प्रवासावर कामोइश या पोर्तुगीज कवीने महाकाव्य लिहिलं, १५७२ चं. हा गोव्यातही राहून गेलेला. काव्यभर गामाचा जयजयकार आहे. पण जहाजं लिस्बनहून सुटताना किनाऱ्यावरचा एक म्हातारा पुढे येतो आणि सगळ्यांना शिव्याशाप देतो. कीर्तीच्या नावाखाली हाव आहे ही, घरं ओस पाडून कुठे चाललात, म्हणून. साम्राज्याच्या भाटानेच हा म्हातारा काव्यात घातला याचं मला फार वाटतं. जहाजं अर्थात निघून जातात.

आता आमच्याकडचे कागद. आज्ञापत्र वाचलंय का कुणी? रामचंद्रपंत अमात्यांचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात टोपीकरांवर, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांवर, स्वतंत्र मजकूर आहे. हे व्यापार करतात खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत आणि त्यांना मुलूख हवा आहे. यांना वखारीला जागा द्यायची वेळ आलीच तर खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी देऊ नये, आत लांब द्यावी, पक्की इमारत बांधू देऊ नये. हे पुस्तकी शहाणपण नव्हतं. १६६० ला पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज व्यापारी आपलं निशाण लावून सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागत होते, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार खणून त्यांना कैदेत टाकलं. होब्सन, लेनिन वगैरे मंडळींनी साम्राज्य आणि भांडवल यांची सांगड घातली ती विसाव्या शतकात. आमच्या अमात्यांनी व्यापारी आणि राजा एकाच टोपीखाली असतात हे दोनशे वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. फक्त अमलात कुणी आणलं नाही.

समोर कोर्लईत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलणारी घरं आहेत. पोर्तुगीज १७४० ला इथून गेले. भाषा राहिली, काजू राहिला, आणि आमच्या गावच्या पडक्या चर्चच्या भिंतीवर वडाची मुळं राहिली. परिणाम मोजायचा तर हे सगळं कुठल्या रकान्यात टाकायचं?

सुपारीबाग

काजू जमेला टाका, प्लीज. उसळ केलीय आज.

नारळीपोफळी

रेल्वे नि कादंबऱ्यो झाल्यो, आता माडाचा आयका.

आमचो आजो माडी काढी, आमी भंडारी. गोऱ्या सायबान १८७८ सालात आबकारी कायदो केल्यान. मगे प्रत्येक माडाक कर. माडाची साल खरवडून थयसर नंबर घालूचो, नंबर नसलेल्या माडाक कोयतो लावलो की दंड. आजो सांगी, पावसात नंबर पुसट झालो की तो आपणच जावन परत काळो करी, कारण शिपाय इलो नि नंबर दिसलो नाय तर चोर आपणच. झाड आमचा, मडका आमचा, पडान हाड मोडला तर ताय आमचा. पैसो सरकारचो.

आणि ह्येका कारण काय दिला? लोकांची दारू कमी व्हावी म्हणान कर वाढवलो! म्हणजे आमच्याच भल्यासाठी. मगे सरकारी भट्टेची दारू मक्तेदार इकी ती कशी चालली?

मिठाचा पण तसाच. शिरोड्याची मिठागरा आमच्या डोळ्यांसमोर, आणि त्या मिठाक हात लावलो म्हणान १९३० च्या मे महिन्यात लोकांची डोकी फोडली.

भाट्याकडचा

नारळीपोफळी, हे सोनं आहे. माडाचा नंबर स्वतःच काळा करणारा माणूस कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडायचा!

कॅम्पातला

इतका वेळ वाचत होतो. आता लिहितो, कारण सगळा धागा एका बाजूला कलायला लागलाय.

मी दापोलीचा. आमच्याकडे दापोलीला अजून कॅम्प म्हणतात. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथे छावणी केली आणि पुढे पेन्शनर शिपायांची वस्ती झाली. त्यात महार शिपाई पुष्कळ. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकावं लागे. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं नसतं, त्यांच्या घरी या नोकरीमुळे पुस्तकं आली. इंग्रजांनी हे आमच्यावर माया म्हणून केलं नाही, त्यांना स्वस्त आणि काटक शिपाई हवे होते. पण फट पडली आणि आमची माणसं त्या फटीतून आत शिरली. तेव्हा पेशवाई गेली म्हणून सगळ्यांनी एकसारखं रडावं ही अपेक्षा करू नका. जोतीरावांनी १८७३ ला "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्यांच्या दृष्टीने इथला पहिला साम्राज्यवादी गोरा नव्हता.

आता दुसरी बाजू, ती सडेतोड यांच्यासाठी. १८५७ नंतर आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना लढवय्या जातींचा सिद्धांत निघाला. कोण जन्मतः शूर आणि कोण नाही याची यादी. रक्तावरून. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या त्यांच्यासाठी रक्त सांडलं, त्यांना एका फटक्यात लढायला नालायक ठरवलं. दापोलीतच राहणारे निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर, "विटाळ विध्वंसन" ही पुस्तिका लिहिणारे, यांनी १८९४ ला सरकारकडे अर्ज तयार केला, आम्हीही लढवय्ये आहोत म्हणून. कायद्यापुढची समानता त्या अर्जाच्या काही कामी आली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. पुन्हा १९४१ ला, पुन्हा युद्धात.

म्हणजे भाट्याकडचे म्हणतात ते आमच्याही बाबतीत खरं आहे. हिशेब आधी, शास्त्र मागाहून. फक्त आमच्या हिशेबात गावकीचं खातंही आहे आणि ते इंग्रजांनी उघडलेलं नव्हतं.

मास्तरीण

यासाठी खास धन्यवाद. वर्गात साम्राज्याचे परिणाम शिकवताना "नेटिव" म्हणजे एकच कुणीतरी असं गृहीत धरलं जातं. पुढच्या वर्षी वलंगकरांचा अर्ज कॉनरॅडच्या शेजारी ठेवून शिकवते.

भाट्याकडचा

कॅम्पातले, पटलं. मला वाटतं परिणाम मोजायला एकच तराजू घेतला की गडबड होते. राजाला रत्नागिरीत आणलं त्याच राज्याने रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ ला मंडालेला नेऊन ठेवलं. १९०८ ते १९१४ थिबा आमच्याकडे आणि टिळक त्याच्याकडे. दोघांनाही दोष दिला तो शांतता बिघडवण्याचा. शांततेची व्याख्या मात्र सागवानवाल्यांच्या पेपरात ठरत होती.

थिबाचं म्हणाल तर तोही काही शेतकऱ्यांचा कैवारी नव्हता. जंगल विकून खजिना भरत होता. त्याच्या क्रौर्याचा मुद्दा मी नाकारत नाही, तो लढाईचं कारण होता हे नाकारतो.

कुळागर

कॅम्पातले, गावकीच्या खात्याबद्दल एक भर. खोती. ती इंग्रजांच्या आधीपासूनची, पण इंग्रजांनी १८८० ला खोतीचा कायदा करून तिला पक्कं केलं. कारण सरळ आहे, शंभर कुळांकडून सारा वसूल करण्यापेक्षा एका खोताकडून घेणं सोपं. कुळाच्या पाठीवर खोत आणि खोताच्या पाठीवर सरकारचा हात. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला, शेतं पडीक ठेवली, रानातली लाकडं विकून पोट भरलं, तो या खोतांविरुद्ध. नारायण नागू पाटील पुढे होते.

कॅम्पातला

आणि १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. ते तेव्हा झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, इंग्रज गेल्यावर. कुळागर, तुमचं आडनाव विचारत नाही, पण तुमच्याकडे माहिती बरीच घरची दिसते.

कुळागर

घरचीच आहे. आम्ही खोत. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पणजोबांचं दप्तर आहे, अर्धं मोडीत. कुणाकडे किती मण भात थकलं आणि त्याबद्दल कुणाचा कुठला आंबा लिहून घेतला, असली पानं आहेत. पावसाळ्याआधी उतरवून फोटो काढायचे आहेत. मोडी वाचणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातखणी

मी वाचतो मोडी. व्यनि केलाय.

सडेतोड

त्याचा वेगळा धागा काढा. आणि त्यात खोतांनी इंग्रजांना दोष द्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.